चौतीस माणसांची वाडी: एका टाकीच्या हिशोबातून लोकसंख्येकडे

वाडीचं नाव या टिपणात देत नाही. जिथे एकूण चौतीस माणसं राहतात, तिथे 'साठीच्या पुढच्या विधवा: ६' एवढं लिहिलं तरी त्या सहाजणी कोण, हे खालच्या गावातलं पोरही सांगेल. तालुका सांगतो: पुणे जिल्ह्यातला वेल्हे, आता राजगड. २०११ च्या जनगणनेत जिल्हा ९४ लाखांच्या वर होता, त्यात एकट्या पुणे महापालिकेची हद्द ३१ लाखांच्या वर. आणि हा अख्खा तालुका साडेचोपन्न हजारांच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या उपनगरात याहून जास्त माणसं भरतील. आपली वाडी त्या साडेचोपन्न हजारांतल्या एका महसुली गावाची, त्यातही डोंगरावर वेगळी पडलेली.

मी पुण्यात राहतो. छोट्या नळपाणी योजनांची अंदाजपत्रकं आणि आराखडे करून देणं हा माझा धंदा. वाडीचं काम माझ्याकडे आलं ते एका फेटाळलेल्या प्रस्तावाच्या फायलीसकट. खालच्या जलाशयातून पंपाने पाणी वर चढवायचं, असा तो प्रस्ताव होता. दरडोई खर्च मर्यादेत बसत नाही, असा शेरा मारून कार्यालयाने तो परत पाठवला होता. दरडोई खर्च म्हणजे एकूण खर्च भागिले माणसं. वरचा आकडा पाइप आणि पंपाच्या दरसूचीतून येतो, त्याबद्दल वाद नाही. खालचा आकडा कुठून आणायचा, हे मात्र कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. हे सगळं प्रकरण त्या खालच्या आकड्याचं आहे.

जागा

पानशेतच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या धारेकडे जाताना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले असल्यामुळे काळ्या पाषाणाचा कडा, मग अरुंद सपाटी, मग पुन्हा कडा, अशी रचना आहे. अशाच एका सपाटीवर वाडी आहे. खालच्या गावापर्यंत एसटी येते. तिथून पुढे पायवाट, भरल्या पिशवीसकट तासाभराची. सपाटीच्या कडेने भाताची खाचरं, वरच्या उतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन आणि त्याच्या वर जंगल.

दोन कठीण थरांच्या मधे काही ठिकाणी लाल मातीचा भाजलेल्या विटेसारखा थर असतो. पावसाचं पाणी वरच्या खडकाच्या भेगांतून खाली झिरपतं, या थरावर अडतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतं. वाडीचा झरा असाच आहे. माणसं इथे का राहिली, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. झरा आहे म्हणून वाडी आहे, आणि सपाटी संपते तिथे वाडीही संपते. बोअरची गाडी इथवर चढू शकत नाही, त्यामुळे तो पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला.

वाडीच्या देवळासमोरून खाली पाहिलं की पानशेतचं पाणी लख्ख दिसतं. हेच पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला जातं. म्हणजे वाडीवर पडणारा पाऊस खाली जातो आणि वाडीतली जवान पोरंही खाली जातात. तिथे दोघांची गाठ नळावर पडते. सरकारी मापात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर, शहरातल्याला १३५. स्वारगेटला उतरल्याबरोबर तोच माणूस ८० लिटरने वाढतो.

माणसं किती

फायलीत आकडा होता ६१. तो कसा काढला, ते मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. महसुली गावाची २०११ ची लोकसंख्या घेतली होती, तिला गावातल्या एकूण घरांनी भागलं होतं आणि वाडीच्या चौदा घरांनी गुणलं होतं. यात लबाडी काही नाही. जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत खेड्यापाड्यांचा सर्वांत लहान एकक महसुली गाव हाच असतो. त्याच्या हद्दीतल्या वाड्या, वस्त्या, धनगरवाडे सगळे त्या एका ओळीत विरघळतात. आपली वाडी भारताच्या जनगणनेत आहे, पण दिसत नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीतला मंगळवार होता. चौदा घरांपैकी पाचांना कुलूप, नऊ चुली पेटत्या. प्रत्येक उंबऱ्याशी बसून नावं लिहिली तेव्हा ३४ भरली. साठीच्या पुढची १७, चौदाच्या आतली ५, आणि मधली १२. बायका २१, पुरुष १३. सवयीने लिंगगुणोत्तर काढलं तर हजार पुरुषांमागे १,६१५ बायका! जिल्ह्याचं गुणोत्तर २०११ ला ९१५ होतं. ते वाचून कुणी वाडीचा आदर्श म्हणून सत्कार ठेवायचा. कारण साधं आहे. गडी माणसं पुण्यात आहेत, कुणी टेम्पो चालवतं, कुणी मार्केट यार्डात माथाडी आहे, कुणी सोसायटीच्या गेटवर. एवढ्या लहान ठिकाणी टक्केवारी आणि गुणोत्तरं काढूच नयेत, असं माझं मत झालं आहे. एक चौघांचं कुटुंब खाली उतरलं की लोकसंख्येत १२ टक्के घट, आणि अहवालात 'तीव्र स्थलांतर' असा मथळा.

ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे मतदार यादी पाहिली. वाडीची ७१ नावं. रेशनच्या कार्डांवरची माणसं मोजली तर ५८. शाळेचा पट तीन. भाऊसाहेब हसून म्हणाले, "तुम्हाला कोणता पाहिजे तो घ्या, सगळे खरेच आहेत."

आणि खरंच, त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. मतदार यादीत पुण्यात राहणारा, पण नाव न काढलेला माणूस असतो. नाव काढलं की गावचा हक्क जाईल अशी त्याला भीती असते. रेशनकार्डात आईबापाच्या घरात राहिलेलं मुलाचं नाव असतं. जनगणनेचा नियम आणखी वेगळा. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. त्या दिवसांत माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदा जरी असेल, तर त्या घरात मोजला जातो. पूर्ण वीस दिवस बाहेर असला, तर जिथे सापडेल तिथे. फेब्रुवारीत भाताची झोडणी उरकलेली असते, यात्रेला अवकाश असतो, लग्नसराई अजून तापलेली नसते. वर्षातला सगळ्यात रिकामा महिना निवडायचा म्हटला, तर वाडीकरता हाच. पुढच्या जनगणनेचा संदर्भ-क्षण, म्हणजे ज्या घडीची लोकसंख्या धरायची ती घडी, १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मोजणी पुन्हा त्याच दिवसांच्या आसपास.

जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात मला मदत मिळेल वाटलं होतं. भाऊसाहेबांनी वही पुढे सरकवली. वाडीच्या नावावर मरणंच मरणं. पाच लहान मुलं मी स्वतः पाहिली होती, त्यांच्यापैकी एकाचाही जन्म वहीत नाही. जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे होते आणि आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, कधी तालुक्याच्या गावी, कधी पुण्यात. म्हातारी माणसं मात्र बहुतेक घरीच जातात. बाहेरच्या कुणी ही वही वाचली, तर त्याला वाटेल, या वाडीत कित्येक वर्षांत पाळणाच हलला नाही.

नेमकी वही शेवटी देवळात निघाली. लाल कापडी बांधणीची, यात्रेच्या वर्गणीची. ती सांभाळणाऱ्या नानांनी आधी हात धुतले, मग फडक्यातून काढली. वर्गणी माणशी नाही, उंबऱ्यावर आहे. भाऊ वेगळे झाले की उंबरे दोन, मग घर एकच असलं तरी. एकूण उंबरे १९. प्रत्येकापुढे यजमानाचं नाव, पुण्यातला ठिकाणा, फोन, आणि यात्रेला किती माणसं जेवायला होती तो आकडा. महाप्रसादाचा तांदूळ त्यावरच काढतात. मागच्या यात्रेची बेरीज १४० होती. एकाही सरकारी कागदात नसलेली माहिती, दरवर्षी ताजी होणारी, आणि खोटं सांगण्यात कुणाचाच फायदा नसलेली. मी त्या पानांचे फोटो मागितले. नाना नाही म्हणाले. "लिहून घ्या, पण फोटू नको. देवाची वही हाय." मग बसून उतरवून घेतली.

आकडा आणि मोह

एक कबूल करायला हवं. दरडोई खर्चाच्या गणितात माणसं वाढवली की प्रस्ताव बसतो. देवळासमोरच्या बैठकीत एका तरुणाने ते उघडच मांडलं, "साहेब, यादीत एकाहत्तर हायेत ना, मग एकाहत्तर लिवा. कुणाचं काय जातंय?" मी लिहिणार होतो. मतदार यादी सरकारी आहे, तिच्यावर शिक्का आहे, माझ्यावर काही आलं नसतं. पण ७१ माणसांची योजना मंजूर झाली, तर पंपाचं वीजबिल भरायला वर्षभर राहतात चौतीस, आणि त्यातली निम्मी साठीच्या पुढची. पट्टी थकते, वीज तुटते, पंप गंजतो. ही गोष्ट मी दुसऱ्या गावांत डोळ्यांनी पाहिली आहे. शिवाय पंप चालवायला माणूस लागतो, आणि तो त्या मधल्या बारांतून येणार.

म्हणून झऱ्याकडे वळलो. झरा वाडीच्या घरांपेक्षा उंच आहे, त्यामुळे पाणी उताराने येईल आणि वीज लागणार नाही. एवढी सरळ गोष्ट आधीच्या फायलीत का नव्हती? तर झऱ्याचं पाणी 'अपुरं' असा शेरा होता. अपुरं कुणाला, किती जणांना, कोणत्या महिन्यात, हे लिहिलेलं नव्हतं.

बादली आणि घड्याळ

इथे माझी स्वतःची चूक. पहिल्या भेटीच्या आधी, डिसेंबरात, मी एका सहकाऱ्याला झरा मोजायला पाठवलं होतं. दहा लिटरची बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला १७ हजार लिटरच्या वर. मी खूश. वाडीत जाऊन तोच आकडा अभिमानाने सांगितला. उंबऱ्यावर लसूण सोलत बसलेली आजी मानही वर न करता म्हणाली, "मार्गशीर्षात मोजलं व्हय. तवा काय, दगडालाबी पाणी सुटतंय. वैशाखात या."

वैशाखात गेलो, यात्रेच्या तोंडावर. पहाटे, कुणी भरायला येण्याआधी. झऱ्याच्या तोंडाशी सळीने गाळ काढला, केळीच्या सोपटाचा पाट करून धार एकत्र केली, खाली तीच बादली ठेवली. आजी कडेवर हंडा घेऊन उभी. मोबाइलचं घड्याळ लावलं. धार करंगळीएवढी. बादलीचा तळ झाकायलाच वेळ लागला. एक मिनिट, दोन मिनिटं. कुणी बोलेना. बादली काठोकाठ भरली तेव्हा ४ मिनिटं १० सेकंद झाली होती. तीन वेळा मोजलं, दोन-चार सेकंदांचा फरक. दिवसाचे सुमारे ३,४५० लिटर.

आता माणसं. चौतीस गुणिले ५५ म्हणजे १,८७०. पुरतं की! मी वहीत बरोबरची खूण करत होतो, तेवढ्यात आजीने विचारलं, "आन म्हशी?"

म्हशी जनगणनेत नसतात, त्यांची पशुगणना वेगळी. वाडीत २६ म्हशी होत्या. दुधाचा खवा करून खाली जातो, तोच वाडीचा रोकड पैसा. उन्हाळ्यात म्हैस दिवसाला ५० लिटर सहज पिते. तेराशे लिटर झाले. मिळून ३,१७०. उरले जेमतेम २८० लिटर. शेळ्या-कोंबड्या त्यात घाला. म्हणजे 'अपुरं' हा शेराही चूक आणि माझा आनंदही चूक. रोजच्या माणसांना झरा पुरतो, पण काठावर.

मग यात्रा. अक्षय तृतीयेच्या आसपास तीन दिवस. १४० माणसं. बैठकीत विचारलं, माणशी ५५ धरू का? बायकांनी आपसात बोलून ४० सांगितले, कारण यात्रेत कपडे कुणी धूत नाही. ५,६०० माणसांचे, १,३०० म्हशींचे, दिवसाला ६,९००. तीन दिवसांचे २०,७००. झरा तेवढ्या वेळात देणार १०,३५० च्या आसपास. तूट दहा हजारांची.

टाकी

ठरावीक पद्धतीने टाकी काढली असती, तर ३४ माणसांच्या दिवसाच्या गरजेवरून दोन हजार लिटरची आली असती. आणि पुढच्या तीस वर्षांची वाढ धरण्याचा जो रिवाज आहे, तो लावला तर थोडी मोठी. वाढ! सतरा म्हाताऱ्यांच्या वाडीत वाढीचा दर कुठला लावायचा, हे मला कुणी सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे.

मी दहा हजार लिटरची मांडली. कार्यालयात प्रश्न आला: चौतीस माणसांना दहा हजार कशाला, माणशी तीनशे लिटर? प्रश्न रास्त होता. उत्तर असं दिलं, की इथे लोकसंख्या हा एक आकडा नाही, ते वेळापत्रक आहे. फेब्रुवारीत ३४, आषाढात लावणीला साठ-पासष्ट, गौरी-गणपतीत ऐंशीच्या घरात, अक्षय तृतीयेला १४०. पावसाळ्यातल्या गर्दीला पाण्याची ददात नाही, झरा फुगलेला असतो. गाठ पडते ती वैशाखात, जेव्हा माणसं सगळ्यात जास्त आणि धार सगळ्यात बारीक. टाकी माणसांच्या मापाने नाही, या दोघांमधल्या फटीच्या मापाने बांधायची.

टाकी भरणार कशी, हा पुढचा प्रश्न. रोज उरतात २८० लिटर. दहा हजार व्हायला पस्तीसेक दिवस. पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत ३२ तिथ्या. चैत्रात धार वैशाखापेक्षा जाड असते, त्यामुळे टाकी वेळेआधीच भरते. हा मेळ मी बसवलेला नाही, तो आपोआप बसला. मी फक्त कोष्टकात लिहिला: 'पाडव्याला मोठ्या टाकीचा नळ बंद, अक्षय तृतीयेला उघडणे.' अभियंत्याने विचारलं, तारीख लिहा ना. म्हटलं, तारीख दरवर्षी बदलते, तिथी वाडीत सगळ्यांना पाठ आहे. त्याने ती ओळ तशीच राहू दिली.

रोजच्या वापराला हजार लिटरची छोटी टाकी वेगळी ठेवली, आणि म्हशींचा हौद तिच्या सांडव्यावर. वीज नाही, पंप नाही. खर्च इतका खाली आला की चौतीसने भागूनही दरडोई मर्यादेत बसला, आणि माणसं वाढवायची गरजच पडली नाही. मंजुरीला वर्ष गेलं, त्यात विशेष काही नाही. सिमेंट खालच्या गावातून डोक्यावर चढवलं. यात्रेच्या वर्गणीतून मजुरी गेली आणि प्रत्येक उंबऱ्याने, पुण्यातल्यांनीही, दोन-दोन दिवस अंगमेहनत दिली. नानांच्या वहीत त्या वर्षी एक जादा रकाना आहे, 'पोती'.

पहिली यात्रा

टाकी पुरली का? तिसऱ्या दिवशी दुपारी चारला तळ दिसला. पालखी सकाळीच देवळात परतली होती, पाहुणे निम्मे उतरले होते, त्यामुळे बोंब झाली नाही. पण हिशोबाप्रमाणे ती रात्रीपर्यंत टिकायला हवी होती. शोधलं तर महाप्रसादाची मोठी पातेली, परातीच्या पराती, ताटं. ती धुवायला किती लागतं, हे मी धरलंच नव्हतं. पातेली घासणाऱ्या बायकांना विचारलं असतं, तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं. बैठकीत मी अंघोळ आणि पिणं विचारलं, भांडी विचारली नाहीत. आता पातेली नेऊन ओढ्याच्या डोहात धुतात. वैशाखातही तिथे गुडघाभर पाणी असतं, आणि ते प्यायचं नसतं.

यंदा पाडव्याला नळ बंद करायला मी गेलो नव्हतो, आजीच्या सुनेने केला. फोनवर तिने वाडीची खबर दिली. एक म्हातारा पुण्यातल्या दवाखान्यात गेला, त्याची नोंद तिकडेच झाली. एक बाई लेकीकडे खराडीला गेली, गुडघे चढू देत नाहीत. एकूण ३२. "पन टाकी भरा म्हनावं तेवढीच," ती म्हणाली, "त्या दोघांच्या उंबऱ्याची मानसं यायचीच हायेत यात्रेला."